निकालाची टक्केवारी आणि शाळेचा पट

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात मुंबईच्या उपनगरांत फलक उभे राहतात. मुलुंडला स्टेशनाबाहेर, घाटकोपरला पंतनगरच्या नाक्यावर, बोरिवलीला बाजाराच्या तोंडाशी. मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो. शाळेचे नाव, ‘१०० टक्के निकालाची परंपरा कायम’, पहिल्या तिघांचे फोटो आणि खाली आजी किंवा माजी नगरसेवकाचा त्यांच्याहून मोठा फोटो. या फलकावर एक आकडा मी आजवर पाहिलेला नाही. ही मुले आठवीत होती तेव्हा वर्गात एकूण किती जण होते, हा तो आकडा.

तो नसेल तर शंभर टक्क्यांना फारसा अर्थ उरत नाही, असे माझे म्हणणे आहे आणि ते या लेखात मांडायचे आहे. मी शिक्षक नाही, शिक्षणशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. नोकरी हिशेबाच्या टेबलावर झाली, त्यामुळे दोन बाजू जुळल्याशिवाय खतावणी मिटवायची नाही ही सवय लागली. गेली काही वर्षे मी मंडळाचे निकाल, युडायसवरची शाळानिहाय पत्रके आणि महापालिकेच्या अर्थसंकल्पातला शिक्षणाचा भाग वाचत असतो. ज्या मुख्याध्यापकांनी कार्यालयात खुर्ची दिली, त्यांच्याकडची जनरल रजिस्टरेही चाळली. त्यातून जे हाती लागले ते मुख्यतः मुंबई महापालिकेच्या माध्यमिक शाळांविषयी आहे. या शाळांचा निकाल दरवर्षी एकत्रित जाहीर होतो आणि त्यावरून दरवर्षी त्यांना एकतर झोडपले जाते किंवा शाबासकी दिली जाते.

सुरुवात तीन वर्षांच्या आकड्यांपासून करू. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता आणि महापालिका शाळांचा सुमारे ७४. २०१९ साली राज्य ७७.१० वर आले, तर महापालिका ५३ वर. २०२० साली राज्य ९५.३० वर पोचले आणि महापालिकेच्या शाळा ९३ च्या वर गेल्या.

म्हणजे याच शाळा एका वर्षात एकवीस अंकांनी खाली गेल्या आणि पुढच्या वर्षी चाळीस अंकांनी वर आल्या. चाळीस अंकांची सुधारणा बारा महिन्यांत घडवणारी शिक्षणपद्धती जगात कुठे असलीच, तर ती पाहायला मी स्वखर्चाने जाईन. शिक्षक तेच होते, इमारती त्याच होत्या, मुलेही त्याच वस्त्यांतून येत होती. बदलली होती ती परीक्षा.

२०१८-१९ मध्ये दहावीला नवा अभ्यासक्रम आला, भाषांच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेच्या हाती असलेले २० गुण काढून घेण्यात आले. त्याआधी लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे अशी वाटणी होती. उत्तीर्ण व्हायला दोन्ही मिळून ३५ लागत. शाळेने तोंडीला १८ दिले, तर लेखीत ८० पैकी १७ मिळवले तरी भागत असे. सवलतींचे इतर नियम बाजूला ठेवले तर २०१९ च्या मुलाला १०० पैकी ३५ कागदावरच मिळवायचे होते. शाळा तोंडी परीक्षेचे गुण उधळतात हा आक्षेप खोटा नव्हता. पण त्या उधळणीवर कोण तरून जात होते हे कोणी पाहिले नव्हते, ते २०१९ च्या निकालाने दाखवले.

ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल फुगला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले, हेही लक्षात ठेवायला हवे. येथे एक गोष्ट नोंदवतो. हे गुण परत आणण्यामागचा रेटा महापालिकेच्या मुलांसाठी नव्हता. आपल्या ९० टक्क्यांच्या मुलाला अकरावीच्या प्रवेशात सीबीएसई आणि आयसीएसईची मुले मागे टाकतील, त्या मंडळांत अंतर्गत गुण चालूच आहेत, ही पालकांची भीती त्यामागे होती. गोवंडीच्या मुलाला त्याचा फायदा झाला तो जाता जाता.

हा आकडा वाचताना आणखी एक गफलत होते. राज्य बारा अंकांनी घसरले आणि महापालिका एकवीस अंकांनी, म्हणून महापालिकेच्या शाळा जास्त कोसळल्या, असे तेव्हा लिहिले गेले. आता हेच नापासांच्या बाजूने मोजून पाहा. राज्यात नापासांचे प्रमाण १०.६ वरून २२.९ वर गेले, म्हणजे दुपटीहून थोडे अधिक झाले. महापालिका शाळांत ते २६ वरून ४७ वर गेले, म्हणजे दुपटीपेक्षा कमी. हा हिशेब लावला तर राज्यच जास्त कोसळले! दोन्ही हिशेब बरोबर आहेत. फरक पडतो तो उंबरठ्याशी किती मुले उभी आहेत यामुळे. पस्तीसच्या आसपास ज्या शाळेत निम्मा वर्ग उभा असतो, तिथे उंबरठा वीतभर वर उचलला की वर्गच्या वर्ग अडखळतो, आणि खाली आणला की तोच वर्ग सुखरूप आत येतो. ज्या शाळेची मुले सत्तर-ऐंशीवर आहेत, तिला उंबरठा हलल्याचे जाणवतही नाही. २०१९ चे ५३ आणि २०२० चे ९३ हे दोन आकडे शाळा किती बऱ्या किंवा वाईट आहेत हे सांगत नाहीत. आपल्या शहरातली काही हजार मुले पस्तीसच्या रेषेवर दाटीवाटीने उभी आहेत, एवढेच ते सांगतात. ती तिथे का उभी आहेत, हा खरा प्रश्न.

त्यासाठी पटाकडे वळावे लागते.

मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. देशात दुसऱ्या कुठल्या महानगरपालिकेला असा संसार सांभाळावा लागत असेल असे वाटत नाही. १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरले आणि माध्यमिक शिक्षण ऐच्छिक राहिले. वरकरणी कोरडी वाटणारी ही कायद्याची बाब आज पावलोपावली दिसते. प्राथमिक शाळा वस्तीवस्तीत आहेत, माध्यमिक शाळा तुलनेने मोजक्या. सातवी-आठवीनंतर बरीचशी मुले दुसरी शाळा शोधायला बाहेर पडतात, आणि त्यातली सगळी दुसऱ्या दारापर्यंत पोचत नाहीत.

शिकवण्याचे माध्यम म्हणजे मातृभाषा, असे आपण कागदावर धरून चालतो. वर्गात बसले की चित्र वेगळे दिसते. हिंदी माध्यमातला मुलगा घरी भोजपुरी, अवधी किंवा मैथिली बोलतो. मराठी माध्यमातल्या मुलीची आई गोरमाटीत किंवा कानडीत हाक मारते, कारण कुटुंब परभणीहून किंवा कलबुर्गीहून नाक्यावरच्या बांधकामाच्या कामाला आले आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या घरी इंग्रजी कोणाचीच नाही. म्हणजे दहावीच्या तीन भाषांपैकी पहिली भाषासुद्धा अनेकांची शाळेत शिकलेली भाषा असते. २०१९ साली तोंडी परीक्षा गेली ती याच तीन भाषांची. या मुलांना बोलता येते, रस्त्यावरच्या मराठी-हिंदीत ती तुम्हाआम्हाला ऐकत नाहीत. अडते ते लिहिताना. तोंडीचे गुण म्हणजे सगळी खिरापत नव्हती, त्यात थोडा या बोलण्याचाही वाटा होता.

शहर कसे बदलले याचे मोठे आकडे जनगणनेत आहेत. २०११ साली मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजार होती आणि मुंबई शहर जिल्ह्याची ३० लाख ८५ हजार. मधल्या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या घटली, उपनगरांची वाढली. दोन्ही जिल्हे मिळून मराठी मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये सुमारे ४५ लाख होते, ते २०११ मध्ये ४४ लाखांवर आले. हिंदी सांगणारे सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. बृहन्मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत मोजली गेली. हे आकडे जुने झाले, पुढची जनगणना लांबली. पण वर्गात दिसणारी दिशा तीच आहे. महापालिकेच्या शाळांत हिंदी आणि उर्दू माध्यमांचा पट मराठीच्या पुढे गेलेला आहे, इंग्रजीचा वाढतो आहे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत महापालिकेच्या शंभराहून अधिक मराठी शाळा बंद झाल्या.

याच गोष्टी जनरल रजिस्टरात अधिक बोलक्या होतात. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबट, जाड बांधणीचे ते पुस्तक असते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, धर्म-जात, जन्मस्थान, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण अशी रकानेवारी असते. शाळेचा दाखला याच्यावरूनच निघतो. पूर्व उपनगरातल्या एका शाळेत मी जुनी आणि नवी रजिस्टरे शेजारी ठेवून पाहिली. जुन्या पानांवर जन्मस्थान म्हणून सावंतवाडी, चिपळूण, पाटण, जुन्नर. नाहीतर सरळ मुंबई. गिरणगावातून किंवा गावाहून उपनगरात स्थिरावलेली ही कुटुंबे. नव्या पानांवर जौनपूर, आझमगड, दरभंगा आणि त्यांच्या जोडीला जालना, परभणी, यवतमाळ. गाव बदलले यापेक्षा मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. जुन्या पानांवर ‘आधीची शाळा’ या रकान्यात दोन-तीनच नावे पुन्हा पुन्हा येतात. नव्या पानांवर जितकी मुले जवळजवळ तितक्या शाळा. आणि ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात पूर्वी ‘पुढील शिक्षणासाठी’ असे एकसुरी लिहिलेले असे, तिथे आता ‘स्थलांतर’ आणि ‘घर बदलल्यामुळे’.

घर का बदलते याचा उलगडा शाळेत होत नाही, तो खोलीच्या करारात होतो. भाड्याची खोली अकरा महिन्यांच्या कराराने मिळते. अकरा महिने संपले की भाडे वाढते किंवा मालक दुसरा भाडेकरू पाहतो. कुर्ल्याचे कुटुंब मानखुर्दला जाते, तिथून दिव्याला, तिथून नालासोपाऱ्याला. झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत उभी राहीपर्यंत संक्रमण शिबिरात जावे लागते, ते कुठे असेल याचा नेम नसतो. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या २०१७ च्या सुमारास हटवल्या, तेव्हा विद्याविहार-घाटकोपरकडची कुटुंबे माहुलच्या वसाहतीत पाठवली गेली. तिथली हवा राहण्याजोगी आहे की नाही यावर उच्च न्यायालयापर्यंत लढा झाला आणि न्यायालयाने अखेर भाड्याची रक्कम देण्याचे आदेश दिले. त्या लढ्याच्या बातम्यांत प्रदूषण होते, आजार होते. शाळा शेवटच्या परिच्छेदात असे. काही मुले रोज जुन्या शाळेत ये-जा करू लागली, काहींची शाळा सुटली. ज्या शाळांतून ही मुले उठून गेली त्यांच्या निकालपत्रकात याची खूण नाही. जिथे ती वर्षाच्या मध्यावर दाखल झाली, तिथे मात्र ती निकालात मोजली गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आठवी ते दहावी या तीन वर्षांत काय होते?

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तो आठवीपर्यंतचा आहे. पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत शिरलेल्या मुलाची फीमाफी आठवीला संपते. नववीत फी भरायची किंवा शाळा बदलायची. ही मुले अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत उतरतात. त्याच वेळी महापालिकेची प्राथमिक शाळा संपवून आलेली मुलेही तिथेच येतात. म्हणजे नववी हा वर्ग जंक्शन स्टेशनासारखा आहे, चार दिशांच्या गाड्या तिथे येतात. आठवीपर्यंत बराच काळ कोणाला नापास करायचे नव्हते, त्यामुळे वाचता न येणारे मूलही तिथवर पोचलेले असते. आणि नववीची परीक्षा शाळेच्या हातात असते.

पुढचे काय ते बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते, उघड कोणी बोलत नाही. जी मुले दहावीला निकाल ‘पाडतील’, ती नववीत ठेवली जातात. पालकांना बोलावून दुसरी शाळा सुचवली जाते. नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितले जाते. सतरा नंबर म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज. नोकरी करणाऱ्यांना, मध्येच शाळा सुटलेल्यांना दहावी पुरी करता यावी म्हणून केलेली ही एक चांगली सोय. मंडळ जो निकाल जाहीर करते तो नियमित विद्यार्थ्यांचा असतो. खासगी आणि पुनर्परीक्षार्थी यांचे आकडे वेगळे दिले जातात, ते नियमितांच्या बरेच खाली असतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे एखादे मूल सतरा नंबरात गेले की ते शाळेच्या टक्केवारीतून नाहीसे होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, दोन शाळा शेजारीशेजारी आहेत आणि दोघींच्या आठवीत ६० मुले आहेत. पहिलीत तीन वर्षांत ८ मुले सोडून गेली, ७ नववीत ठेवली गेली, ५ सतरा नंबरात गेली. उरली ४०, ती सगळी पास झाली. निकाल १०० टक्के, फलक लागला. दुसरीत ६ मुले सोडून गेली, बाकीच्या ५४ जणांना शाळेने परीक्षेला बसवले, ४७ पास झाली. निकाल ८७ टक्के. शिक्षणाधिकाऱ्यांची बैठक झाली की ‘निकाल का घसरला’ याचा खुलासा दुसऱ्या शाळेकडे मागितला जाणार. साठांपैकी सत्तेचाळीस दहावी पार करणाऱ्या शाळेने खुलासा द्यायचा आणि चाळीसवालीने पेढे वाटायचे.

महापालिकेच्या शाळांना मुले निवडायची फारशी मुभा नाही, येईल त्याला घ्यावे लागते. म्हणून त्यांचा ५३ किंवा, २०२३ सालचा, ८५ च्या आसपासचा आकडा एखाद्या नामांकित संस्थेच्या ९९ शेजारी ठेवणे हे मुळातच चुकीचे आहे. महापालिकेच्या शाळांत सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. रिकामी शिक्षकपदे, गणित-विज्ञानाला विषयशिक्षक नसणे, शिक्षक मतदारयाद्यांच्या आणि सर्वेक्षणांच्या कामाला जुंपलेले असणे, हे सगळे खरे आहे. मुलांना २७ वस्तू मोफत मिळतात, २०१५ साली आठवीच्या मुलांना टॅबसुद्धा मिळाले. पण दप्तर देणे सोपे आणि भाषेचा शिक्षक देणे अवघड, हा सरकारी कामाचा जुना नियम येथेही लागू आहे.

शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, या प्रश्नावर जगात सर्वांत गाजलेले काम अमेरिकेत १९६६ साली झाले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारने समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्याकडे पाहणी सोपवली. सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांच्या घरात विद्यार्थी त्यात आले. काळ्या मुलांच्या शाळांना इमारती, प्रयोगशाळा, पुस्तके कमी मिळतात म्हणून ती मागे पडतात, असे निघेल ही अपेक्षा होती. निघाले ते असे की गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीशी आणि त्याच्यासोबत वर्गात कोण बसते याच्याशी अधिक बांधलेला आहे. त्या निष्कर्षावर पुढे साठ वर्षे वाद चालू आहेत. ‘मग शाळांवर खर्च कशाला’ असा सोयीस्कर अर्थही काहींनी काढला. मला त्यातला दुसरा भाग, सोबत कोण बसते हा, आपल्याकडे लावून पाहावासा वाटतो. कारण तो भाग थेट आपल्यापाशी, म्हणजे या अंकाच्या वाचकांपाशी येतो.

उपनगरांतल्या जुन्या मराठी शाळा मराठी मध्यमवर्गाने उभ्या केल्या. लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरात, १९२१ साली, पार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय निघाले. पुढच्या दशकांत गोरेगाव, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिथे जिथे कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या वसाहती झाल्या तिथे तिथे वर्गणी काढून शाळा झाल्या. त्या वर्गात बँकेतल्या हेडक्लार्कची मुलगी, बस कंडक्टरचा मुलगा आणि घरकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा एका बाकावर बसत. शिकवणी परवडत नसलेला मुलगा शेजारच्याची वही पाहून गणित सोडवी. वर्गाला ही फुकटची शिकवणी होती आणि तिची नोंद कुठल्याच पत्रकात नव्हती.

मध्यमवर्ग आधी इंग्रजी माध्यमात गेला, मग सीबीएसई-आयसीएसईत. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने नव्या शाळांचे दार मोकळे झाले. जाणाऱ्यांना थांबवायला मराठी शाळांनी सेमी-इंग्रजी काढले, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. त्याने काही शाळा तरल्या हे मान्य करायला हवे. पण त्याने शाळेच्या आतच भिंत घातली. सेमीची तुकडी ‘अ’, तिच्यात घरी अभ्यास घेणारे पालक. पूर्ण मराठीची तुकडी ‘ब’ किंवा ‘क’, तिच्यात नववीच्या जंक्शनला उतरलेली मुले. ‘ब’ आणि ‘क’ चा निकाल ‘अ’ ने झाकायचा आणि शाळेचा एक आकडा जाहीर करायचा. पट आणखी घसरला की संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष बदलले आणि लहान पटाच्या शाळांवर टांगती तलवार आली, म्हणून शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. शिक्षक गेला की विषय जातो, विषय गेला की निकाल आणि निकाल गेला की उरलेला पट. (पटाच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे जाता जाता. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावली गेली, तेव्हा कागदावरची किती मुले हवेत होती ते सगळ्यांनी पाहिले.)

या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट आहेत. शतकमहोत्सव, सुवर्णमहोत्सव होतात, हॉल बांधला जातो, संगणक दिले जातात. ‘आपल्या वेळची शाळा राहिली नाही’ असे तिथे हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याची स्वतःची मुले त्या शाळेत नसतात. मी त्यांना दोष देत नाही, शहरात प्रत्येक जण आपल्या मुलापुरता विचार करतो आणि तसा करणे भागही पडते. पण शाळा बदलली ती त्या बाकांवरून कोण उठून गेले यामुळे. पुढे कोण येऊन बसले हा नंतरचा भाग, आणि आरोप होतो तो मात्र नेमका त्यांच्यावर.

कोणी विचारेल, मग कोकणाचे काय? कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला असतो, २०२४ मध्ये ९९.०१ टक्के. तिथे काय सगळे श्रीमंत आहेत? प्रश्न रास्त आहे. उपनगरांतली निम्मी मराठी घरे मूळची तिथलीच. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून परीक्षेला बसणारी मुले तीस हजारांच्या आत, आणि मुंबई विभागात तीन लाखांच्या वर. कोकणात शाळा लहान आहेत, शिक्षकाला मुलाच्या घरचे ठाऊक असते आणि मूल पहिलीपासून दहावीपर्यंत त्याच पंचक्रोशीत राहते. अकरा महिन्यांचा करार तिथे नाही. आणि उत्तीर्ण होणे वेगळे, वरचे गुण मिळवणे वेगळे. २०२५ मध्ये राज्यात १०० टक्के गुण मिळवणारे २११ विद्यार्थी होते, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे. उत्तीर्णांत कोकण पहिले, शंभरात लातूर पहिले. कोणती शिक्षणव्यवस्था चांगली म्हणायची, हे कोणता आकडा उचलता यावर ठरते.

ग्रामीण महाराष्ट्रातल्या मुलांना वाचता येते का, हे घरोघर जाऊन तपासणारी ‘असर’ची पाहणी आहे, पण ती ग्रामीण भागापुरतीच आहे. मुंबईच्या आठवीतल्या मुलाला काय येते हे सांगणारे तसे नियमित साधन नाही. ते होईपर्यंत निदान एक गोष्ट जवळजवळ फुकटात करता येईल. युडायसच्या पत्रकात प्रत्येक शाळेचा वर्गवार पट असतो. आठवीचा पट, दोन वर्षांनी दहावीला बसलेली संख्या आणि उत्तीर्णांची संख्या हे तीन आकडे एका ओळीत छापावेत. मध्ये आलेली आणि गेलेली मुले वेगळ्या रकान्यात दाखवावीत, म्हणजे ज्या शाळेत स्थलांतरित मुले जास्त येतात तिच्यावर अन्याय होणार नाही. सतरा नंबर भरलेली मुले शेवटची कोणत्या शाळेत होती हेही लिहावे. नवी पाहणी नको, नवे पोर्टल तर नकोच. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना हे सांगितले, तेव्हा ते हसले. “अहो, हे छापले तर अर्ध्या संस्थांना फलक उतरवावे लागतील.”

पश्चिम उपनगरातल्या महापालिकेच्या एका माध्यमिक शाळेत मात्र हा हिशेब मला तयार मिळाला. तिथल्या वर्गशिक्षिका दहावीचा वर्ग सांभाळतात. त्यांनी कपाटातून दोनशे पानी वही काढली. आठवीत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव डावीकडे, आणि उजवीकडे ते आता कुठे आहे. भिवंडीला मामाकडे. गावी, जौनपूर. लग्न झाले. गॅरेजमध्ये, जोगेश्वरी. सतरा नंबर. पास, प्रथम श्रेणी. आयटीआय. काही नावांसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होते.

“बाई, ही माहिती कुठे द्यावी लागते का?”

“नाही हो, मागत नाही कोणी,” त्या म्हणाल्या. “पत्ता लागला की पेन्सिल खोडते आणि पेनाने लिहिते.”